दहा भागांत मिटलेले दुकान: ‘बार्बरशॉप’ मालिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिकागोच्या दक्षिण भागातील एका केशकर्तनालयात घडणारा ‘बार्बरशॉप’ हा चित्रपट १३ सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन टिम स्टोरी यांचे होते आणि निर्मात्यांमध्ये शिकागोशी जुने नाते असलेले जॉर्ज टिलमन ज्युनिअर आणि रॉबर्ट टायटल होते. सुमारे १ कोटी २० लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने साडेसात कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. २००४ च्या फेब्रुवारीत त्याचा दुसरा भाग आला आणि तोही साडेसहा कोटींपर्यंत गेला. २००५ च्या मार्चमध्ये याच कुळातला, पण अटलांटा शहरातील स्त्रियांच्या केशभूषागृहात घडणारा ‘ब्यूटी शॉप’ आला. क्वीन लतीफा यांच्या या चित्रपटाचे उत्पन्न चार कोटींच्या आतच राहिले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १४ ऑगस्ट २००५ रोजी, ‘शोटाइम’ या सशुल्क वाहिनीवर ‘बार्बरशॉप’ याच नावाची अर्ध्या तासाची विनोदी मालिका सुरू झाली. तिचे दहा भाग झाले आणि दुसरा हंगाम निघाला नाही.

लोकप्रिय चित्रपट, जाणते निर्माते, मुरलेला लेखक आणि मोकळीक देणारी वाहिनी एवढे सगळे जुळून आल्यावरही मालिका का रुजली नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. वाहिनीच्या अधिकाऱ्यांची नावे येथे घेतलेली नाहीत, कारण विचार करायचा आहे तो त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा.

चित्रपटाचे खरे भांडवल

पहिल्या चित्रपटाचे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. कॅल्विन पामर या तरुणाला वडिलांकडून वारशात आलेले दुकान ओझे वाटते, म्हणून तो ते लेस्टर नावाच्या सावकाराला वीस हजार डॉलरला विकतो. पण तेथे नग्ननृत्याचा क्लब होणार आहे हे कळल्यावर तो व्यवहार मोडायला जातो, तेव्हा लेस्टर दुप्पट रक्कम मागतो. जवळजवळ सगळा चित्रपट एका दिवसात घडतो.

तरीही प्रेक्षकांच्या लक्षात कथानक फारसे राहिले नाही. लक्षात राहिल्या त्या दुकानातल्या गप्पा. क्वचितच कोणाचे केस कापणारा आणि कोणाचीही भीडमुर्वत न ठेवणारा म्हातारा एडी, आपला सफरचंदाचा रस कोणी प्यायला म्हणून आकाशपाताळ एक करणारी टेरी, शिकल्याची घमेंड असलेला जिमी, पश्चिम आफ्रिकेतून आलेला डिंका, आणि कृष्णवर्णीयांच्या दुकानात खुर्ची मिळवू पाहणारा गोरा आयझॅक. ही माणसे एका छताखाली भांडतात आणि त्या भांडणांतूनच चित्रपट उभा राहतो. आपल्याकडच्या सलूनात नंबर येईपर्यंत वर्तमानपत्राच्या एकेका पानावर जशी सगळ्यांची मते झडतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र अमेरिकेत त्याला वेगळे ऐतिहासिक वजन आहे.

गुलामगिरीच्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ कृष्णवर्णीय न्हाव्यांची चांगली चालणारी दुकाने बहुधा गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी असत. गुलामगिरीत जन्मलेले अटलांटाचे अलोन्झो हर्न्डन अशाच दुकानांवर श्रीमंत झाले आणि पुढे त्यांनी विमा कंपनी उभारली. जेथे गिऱ्हाईक गोरे, तेथे न्हाव्याला तोंड सांभाळूनच बोलावे लागे. कालांतराने दुकाने स्वतःच्या वस्तीसाठी चालू लागली, तेव्हा मालकही आपला आणि गिऱ्हाईकही आपले अशी जागा निर्माण झाली. गोऱ्या मालकाची, नोकरी जाण्याची किंवा चारचौघांतल्या शिष्टाचाराची भीती न बाळगता बोलता येईल, अशा जागा या समाजाकडे मोजक्याच होत्या. चर्च ही त्यांपैकी एक, पण तेथे पाद्रीसमोर जीभ आवरावी लागते. दुकानात तेही बंधन नव्हते.

त्यामुळे एडीने चित्रपटात जे केले ते त्या जागेच्या स्वभावाला धरूनच होते. माँटगोमेरीच्या बसमधील जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स यांचे महत्त्व तो खाली ओढतो, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खासगी आयुष्याबद्दल बोलतो आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांना शिवी हासडतो. जॅक्सन आणि त्याच चळवळीतले अल शार्प्टन यांनी हे प्रसंग काढावेत अशी मागणी केली. तरीही ते चित्रपटात राहिले. २००३ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या पुरस्कार सोहळ्याचे सूत्रसंचालन एडीची भूमिका करणारे सेड्रिक द एंटरटेनर करणार होते, तेव्हा रोझा पार्क्स यांनी त्या सोहळ्यावर बहिष्कार टाकला. या वादात एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. एडी बोलतो तेव्हा दुकानातली बाकीची माणसे त्याच्यावर तुटून पडतात. त्याच्या म्हणण्यात तथ्याचा कणही आहे: पार्क्स यांच्या आधी नऊ महिने, १९५५ च्या मार्चमध्ये, क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच शहरात बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. पण चित्रपट एडीची बाजू घेत नाही, तो फक्त त्याला बोलू देतो. एकाच्या बेफाम बोलण्याला दहा जणांचे उत्तर, हेच या दुकानाचे खरे भांडवल होते. मालिका करणाऱ्यांना जपायचे होते ते नेमके हेच.

अडचण

चित्रपटातून मालिका करणाऱ्याला तीन प्रश्न टाळता येत नाहीत. या प्रकरणात ते तिन्ही एकमेकांत गुंतलेले होते.

पहिला प्रश्न काळाचा. चित्रपटात दुकान जाणार की राहणार हा टांगता प्रश्न एका दिवसापुरता होता आणि तो सुटल्यावर चित्रपट संपला. दुसऱ्या चित्रपटात समोरच मोठ्या साखळी दुकानाची शाखा आली आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या मालिकेत दुकान दर वेळी संकटात घालता येत नाही. मग गप्पांना आधार कशाचा द्यायचा?

दुसरा प्रश्न नटांचा. चित्रपटातले कॅल्विन म्हणजे आइस क्यूब आणि एडी म्हणजे सेड्रिक हे तोवर मोठ्या पडद्यावरचे नामांकित चेहरे झाले होते. मालिकेत त्यांपैकी कोणीही भूमिका केली नाही. आइस क्यूब कार्यकारी निर्माते म्हणून सोबत राहिले. म्हणजे पात्रे तीच, नावेही बहुतेक तीच, पण माणसे वेगळी.

तिसरा प्रश्न प्रेक्षकांचा होता आणि माझ्या मते तो सर्वांत अवघड होता. दोन्ही चित्रपटांना पीजी-१३ प्रमाणपत्र होते, म्हणजे मुलांनाही ते पाहता येत, फक्त तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना असे. आजोबा, बाप आणि शाळकरी नातू यांनी एकत्र बसून पाहावेत असे ते होते आणि दुकानात येणारी माणसेही याच तीन पिढ्यांची होती. मालिका कोणत्या वाहिनीवर न्यायची, यावर या तिघांपैकी कोण तिच्यासमोर बसणार हे ठरणार होते.

समोरचे पर्याय

सर्वांना विनामूल्य दिसणाऱ्या प्रक्षेपण वाहिनीवर नेहमीच्या पद्धतीची विनोदी मालिका करणे हा एक मार्ग होता. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना समोर ठेवणारी यूपीएन ही वाहिनी त्या काळी अस्तित्वात होती. ‘गर्लफ्रेंड्स’ तेथे २००० पासून चालू होती आणि २००५ च्या सप्टेंबरमध्ये कॉमेडियन ख्रिस रॉक यांच्या बालपणावरची ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ तेथेच सुरू होऊन चार हंगाम चालली. या मार्गाचा तोटाही उघड होता. जाहिराती वजा जाता जेमतेम बावीस मिनिटे उरतात, आणि २००२ चा वाद ताजा असताना एडीच्या जिभेवर जाहिरातदारांचा पहारा बसला असता.

सशुल्क वाहिनीवर अर्ध्या तासाची मालिका करणे हा दुसरा मार्ग. येथे जाहिरातदार नाहीत, भाषेवर बंधन नाही आणि भागाची पूर्ण वेळ हाती राहते. मात्र ही वाहिनी ज्या घरांनी तिचे वेगळे पैसे भरले आहेत, त्यांच्यापुरतीच असते.

तिसरा मार्ग तासाभराच्या कौटुंबिक नाट्याचा होता आणि तो याच निर्मात्यांनी आधी यशस्वीपणे चालून पाहिला होता. टिलमन यांच्या १९९७ च्या ‘सोल फूड’ या शिकागोतल्याच चित्रपटावर आधारलेली मालिका याच शोटाइम वाहिनीवर २००० ते २००४ पर्यंत पाच हंगाम चालली आणि तिचे ७४ भाग झाले. तिच्यातही चित्रपटातले नट बदलले होते. म्हणून ‘चेहरे बदलले म्हणून मालिका पडली’ हे या प्रकरणाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण तेवढ्यावर टिकत नाही.

काही वर्षे थांबणे हा चौथा पर्यायही होता. ‘सोल फूड’च्या चित्रपटानंतर मालिका यायला तीन वर्षे गेली होती आणि दरम्यान त्याचा दुसरा चित्रपट आला नव्हता. येथे मात्र २००४ च्या फेब्रुवारीपासून २००५ च्या ऑगस्टपर्यंत, अठरा महिन्यांत, एकाच घराण्याचे दोन चित्रपट आणि एक मालिका बाजारात उतरली.

घेतलेले निर्णय

निवड दुसऱ्या मार्गाची झाली. मालिकेची बांधणी जॉन रिडली यांच्याकडे सोपवण्यात आली. कादंबरी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत वावरलेला हा लेखक वर्ण आणि वर्ग यांबद्दल गुळमुळीत बोलणारा नव्हता. पुढे २०१४ मध्ये ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्करही मिळाले. वाहिनीची मोकळीक आणि लेखकाची धार लक्षात घेता ही जोडी कागदावर उत्तम होती, आणि ही निवड चुकली असे मला आजही वाटत नाही.

भूमिकांची वाटणी नव्याने झाली. कॅल्विन झाले ओमर गुडिंग, एडी झाले रंगभूमीवर मुरलेले बॅरी शबाका हेन्ली, टेरी झाल्या टोनी ट्रक्स. डिंकाचा यिंका झाला आणि ती भूमिका ग्बेन्गा अकिन्नाग्बे यांनी केली. त्याआधीच ते ‘द वायर’ या मालिकेत थंड डोक्याच्या मारेकऱ्याच्या भूमिकेत दिसले होते आणि येथे त्यांना नेमके उलटे काम मिळाले. नट म्हणून यांच्यापैकी कोणीही कच्चे नव्हते.

भाषा आणि विषय प्रौढांसाठीचे झाले. पीजी-१३ चित्रपटात जे सूचित होत असे, ते येथे उघड बोलले जाऊ लागले. कॅल्विनचे घर आणि दुकानाबाहेरचे व्यवहारही गोष्टीत आले.

या निर्णयांकडे एकत्र पाहिले की त्यांतला ताण दिसतो. शोटाइमवर जाण्याचे सर्वांत मोठे कारण मोकळे बोलता यावे हे असणार. पण दुकानातल्या बोलण्याची गंमत शिवीत नव्हती. चित्रपटातला एडी प्रक्षोभक वाटला तो शिव्यांमुळे नव्हे, तर ज्यांच्याविरुद्ध बोलायचे नसते त्यांच्याविरुद्ध तो वस्तीतल्या लहानथोरांसमोर बोलला म्हणून. प्रौढांच्या वाहिनीवर सगळेच सगळे काही बोलू शकतात, तेव्हा एडीने मोडावी अशी मर्यादाच उरत नाही. त्यातच शाळकरी नातू प्रेक्षकांतून उठून गेला होता.

चेहऱ्यांच्या प्रश्नाकडे येथे पुन्हा यावे लागते. ‘सोल फूड’ हे बहिणींच्या नात्याचे नाट्य होते. तेथे प्रेक्षक घटनांत गुंततो आणि दोन-तीन भागांत नव्या चेहऱ्याला जुन्या नावाने ओळखू लागतो. विनोदाचे तसे नसते. एडीचे वाक्य म्हणजे सेड्रिक यांचा थांबा, त्यांचा आवाज, वाक्य संपता संपता वर चढणारा सूर. तेच नाव, तीच खुर्ची, तोच तिरकसपणा दुसऱ्या नटाकडे दिला की तो कितीही चांगला असला तरी प्रेक्षक मनात तुलना करत बसतो, आणि तुलना करणारा माणूस हसत नाही. त्यातही दुसरा चित्रपट दीड वर्षापूर्वीच पाहिलेला होता.

या बाबतीत जुनी उदाहरणे उपयोगी पडतात. १९७० च्या ‘मॅश’ चित्रपटावरून १९७२ मध्ये मालिका झाली तेव्हा जवळजवळ सर्व नट बदलले, पण रडार या टोपणनावाच्या पात्राच्या भूमिकेत गॅरी बर्गॉफ तेच राहिले. चित्रपटावरूनच झालेली, उपाहारगृहात घडणारी ‘अ‍ॅलिस’ ही मालिका १९७६ पासून नऊ वर्षे चालली. तिच्यातही चित्रपटातला मालक मेल करणारे व्हिक टेबॅक तेवढे कायम होते. दोन्हीकडे नायक नवा, पण जागेची खूण पटवणारा एक जुना चेहरा हजर. उलट बाजूही सांगायला हवी. २००३ मध्ये ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’वरून झालेल्या मालिकेत नायिकेसह बहुतेक मूळ नट आले आणि तरीही ती सात भागांत आटोपली. तेव्हा ओळखीचा चेहरा असला की मालिका चालतेच असे नाही. पण विनोदी मालिकेत तो असला तर पहिले काही आठवडे निभावून जातात. ‘बार्बरशॉप’च्या मालिकेत मुख्य पात्रांपैकी एकाही जागी असा दुवा ठेवला गेला नाही.

परिणाम

दहा भाग ऑक्टोबरपर्यंत दाखवून झाले आणि मालिका थांबली. तिच्या आदल्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, याच वाहिनीवर ‘वीड्स’ सुरू झाली होती. उपनगरात राहून चोरून गांजा विकणाऱ्या विधवेची ही गोष्ट, तीही अर्ध्या तासाची आणि पहिल्या हंगामात दहाच भागांची, आठ हंगाम चालली. वाहिनी एक, महिना एक, भागांची लांबी एक. ‘वीड्स’ मात्र त्या वाहिनीसाठीच घडवलेली होती. तिला कोणत्याही जुन्या प्रेक्षकाला दिलेला शब्द पाळायचा नव्हता. ‘बार्बरशॉप’ चित्रपटगृहातला प्रेक्षक बरोबर घेऊन येईल या अपेक्षेने आली होती, आणि त्या प्रेक्षकाचा मोठा भाग वाहिनीच्या दाराबाहेरच राहिला.

मालिकेतल्या नटांचे नुकसान झाले नाही. अकिन्नाग्बे ‘द वायर’मध्ये राहिले, आयझॅक करणारे वेस चॅथम पुढे ‘द एक्स्पान्स’मध्ये आणि ट्रक्स ‘सील टीम’मध्ये दिसल्या.

काय वेगळे करता आले असते

पहिला पुनर्विचार वाहिनीचा. यूपीएनसारख्या वाहिनीवर एडीला जपून बोलावे लागले असते हे खरे. पण मूळ चित्रपटानेही पीजी-१३ ची चौकट सांभाळूनच देशभर वाद उठवला होता, तेव्हा चौकट असली की धार जाते हे गृहीत धरण्याचे कारण नव्हते. यूपीएन स्वतः २००६ मध्ये बंद होऊन दुसऱ्या वाहिनीत विलीन झाली, म्हणून तेथे दीर्घ आयुष्य मिळालेच असते असे नाही. ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ मात्र त्या स्थित्यंतरातूनही तगली.

दुसरा पुनर्विचार पात्रांचा, आणि येथे मी अधिक ठाम आहे. सेड्रिक यांच्याशिवाय एडी उभा करण्याऐवजी दुकान तेच ठेवून माणसे नवी आणायला हवी होती. दुकानात खुर्च्या बदलत राहतात. एक न्हावी जातो, दुसरा येतो. एडी निवृत्त होऊन गावी गेला आहे आणि त्याच्या खुर्चीसाठी दोघे भांडत आहेत, एवढ्यावर पहिले चार भाग सहज निघाले असते, आणि हेन्ली यांना स्वतःच्या लयीचा म्हातारा निर्माण करायला मोकळे रान मिळाले असते. चित्रपटातला एखादा दुय्यम नट त्याच भूमिकेत राहिला असता, तर त्याने नव्या माणसांची दुकानाशी ओळख करून दिली असती. यावर कोणी म्हणेल की एडीच नसेल तर ‘बार्बरशॉप’ हे नाव लावायचे कशाला. आक्षेप रास्त आहे, आणि वाहिनीने पैसे मोजले ते नावासाठीच हेही उघड आहे. पण जुनी नावे नव्या चेहऱ्यांना चिकटवल्याने तरी त्या नावाचे मोल टिकले का?

तिसरा मुद्दा कराराच्या रचनेचा. २०१० मध्ये आइस क्यूब यांच्याच वेगळ्या एका चित्रपटावरून ‘आर वी देअर येट?’ ही मालिका टीबीएस या वाहिनीवर आली. तेथे व्यवहारच असा होता की आधी दहा भाग दाखवायचे आणि ते चालले तर पुढचे नव्वद एकदम मागवायचे. मालिका चालली आणि शंभर भाग झाले. त्या मालिकेची कलात्मक उंची वादाचा विषय होऊ शकेल; पण नायकाच्या भूमिकेत क्यूब यांच्याऐवजी टेरी क्रूज असतानाही, म्हणजे चेहरा बदलूनही, कुटुंबातल्या सगळ्यांना बसून पाहता येणारा विनोद आणि सर्वसाधारण केबल जोडणीवर दिसणारी वाहिनी यांचा मेळ बसल्यावर काय घडते, हे तेथे दिसले.

चौथा मुद्दा आशयाचा. दुकानात काय बोलले जाते हे दुकानाबाहेर काय चालले आहे त्यावर ठरते, म्हणून बाहेरची गोष्ट खुर्चीपर्यंत येणे आवश्यक असते. कॅमेऱ्यानेच उठून बाहेर जाण्याचे कारण नसते. हे सूत्र पुढे चित्रपटालाच सापडले. २०१६ मध्ये माल्कम डी. ली यांच्या दिग्दर्शनाखाली ‘बार्बरशॉप: द नेक्स्ट कट’ आला. क्यूब, सेड्रिक आणि टेरीची भूमिका करणाऱ्या ईव्ह त्यात परतले, एकाच दुकानात पुरुष आणि स्त्रिया दोघांच्या खुर्च्या आल्या, आणि शिकागोतल्या टोळ्यांच्या गोळीबारावर उपाय म्हणून दुकानातली माणसे अठ्ठेचाळीस तासांच्या शस्त्रसंधीच्या बदल्यात फुकट केस कापायला बसली. पाच कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न झाले. पटकथा केनिया बॅरिस आणि ट्रेसी ऑलिव्हर यांची होती. बॅरिस यांची ‘ब्लॅक-इश’ ही कौटुंबिक विनोदी मालिका त्या वेळी एबीसी या प्रक्षेपण वाहिनीवर चालू होती, आणि तिच्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंतच्या तिन्ही पिढ्या एकाच घरात वर्णाच्या प्रश्नावर दर आठवड्याला वाद घालत होत्या.